बांधावरून

गडहिंग्लजहून संकेश्वर, संकेश्वरला दुसरी बस.
राज्य मध्येच कुठंतरी बदललं,
मला कळलं ते कंडक्टरच्या 'चिल्लर कोडरी'वरून.
खिशात तीनशे चाळीस.
परतीचे नव्वद वेगळे, बनियनला पिनेनं टोचलेले.
ते नाहीतच असं धरून चालायचं.

काकतीला उतरलो. भात कापलेल्या शेतात
जेसीबीनं उंचवटे घातलेले, टँकरनं पाणी मारलेलं.
मोटोक्रॉस. तिकीट दोनशे, सावलीतलं पाचशे.
गेटावर मोनाप्पा भेटला,
बसायला म्हणून तेलाचा रिकामा डबा काखेत.
'दोनशे घालून काय बघूलालास?
फुडच्यांची टकुरी? चल बांधावर.'

बांधावरून अर्धाच ट्रॅक दिसतो.
दोन उड्या, एक डावं वळण,
मग गाड्या निरगुडीच्या आड जातात
आणि उरलेली शर्यत कानानं बघायची.
मोनाप्पा वीस वर्षं गाड्यांखाली उताणा झोपलेला माणूस,
डोळे मिटून सांगतो,
'आता तिसऱ्यात टाकली.
ह्याची चेन ढिली हाय.
त्यो पडला.'
आणि खरंच, अकरा नंबर परत येत नाही.

येतो. सगळ्यांच्या मागून, हँडल वाकडं.
आम्ही बांधावरचे फुकटे उभं राहून शिट्ट्या मारतो,
पाचशेवाले वळून बघतात,
त्यांना कळतच नाही कशासाठी.

भडंग दहाची. पाणी शेजारच्या बोअरचं.
लाऊडस्पीकर आधी कन्नड, मग मराठी,
मग नुसताच खरखरतो,
ते मात्र सगळ्यांना समजतं.

शेवटच्या फेरीत अकरा नंबरानं
चष्म्यावरची चिखलानं भरलेली फिल्म सोलली
आणि वाऱ्यावर सोडून दिली.
ती गिरक्या घेत येऊन माझ्या गुडघ्याला चिकटली.
मोनाप्पा म्हणाला, 'ठेव की.
कप काय, कुणाच्या तरी कपाटात जातंय.'

परतीच्या बसमध्ये ती डोळ्यांपुढं धरली.
हायवे, उसाचे ट्रॅक्टर, दोन लिप्यांतल्या पाट्या,
सगळ्यावर एकाच शेताचे लाल शिंतोडे.
पुसायची हिंमत झाली नाही.
त्या शिंतोड्यांतूनच कंडक्टर आला,
म्हणाला, चिल्लर कोडरी,
आणि मी शर्टाच्या आत हात घालून
पिन सोडवू लागलो.