निचरा

धाकलीआत्या चरापाशी वाकते,
ओंजळीच्या कोपऱ्यात पाणी घेते, जिभेच्या टोकाला लावते
आणि थुंकते उजवीकडे. नेहमी उजवीकडे.
डावीकडे कांदा आहे.

माझ्याकडे मीटर आहे, पेणहून आणलेला, पेनाएवढा.
मी तो बुडवतो. चार पूर्णांक सहा.
"तो सांगतंय कवरा खारा," आत्या म्हणते,
"मना कलतं कोनाचा."

तळ्यातलं गोडं आधी पांढऱ्या कांद्याला.
कांदा पितो, पण पुरतं पीत नाही.
जमिनीच्या पोटातलं जुनं मीठ
त्याच्या मुळांखालून निसटत चरात येतं:
आजोबांच्या वेळी बांध फुटला तेव्हाचं,
खाडी तीन वर्षं शेतात राहून गेली तेव्हाचं.
ते पाणी पूर्वी आम्ही उघाडीतून घालवून द्यायचो,
नकोशा पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवावं तसं,
आणि फेब्रुवारीत तळं तळाला गेलं की
टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसायचो.

आता त्याला वाटेत थांबवतो.
बिटाच्या वाफ्यात बसवतो, बीट कुरकुरत नाही.
बिटाखालचं, आणखी चढलेलं, मोरसाला.
ही भाजी कुणी लावत नसे, बांधाकडेला आपली आपण यायची,
गुरंसुद्धा विचार करून तोंड लावायची.
त्याखालचं जिताड्याच्या खड्ड्यात.
जिताडा काय, निम्मा खाडीचाच.

गेल्या वर्षी मी शहाणपणा केला.
मीटर तीनवर, ऊन तापलेलं,
आत्या वडखळला लेकीच्या बाळंतपणाला.
चरातलं पाणी मी कांद्याला सोडलं, भर दुपारी.
चौथ्या दिवशी पाती शेंड्याकडून जळत आल्या,
वाफ्यावर पांढरी साय धरली.
आत्या आली. बघितलं. चप्पल काढून
त्या सायीवर चालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
रागावली असती तर बरं झालं असतं.
"पावसान धुईल," एवढंच.

आत्यालाही सगळं माहीत नाही.
खड्ड्याच्या तळाशी दरवर्षी मीठ बोटभर चढतं,
ते कुठवर साठवायचं, जीभ सांगत नाही,
मीटरही नाही.
अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला
आम्ही दोघं उघाडीची फळी उचलतो,
साखळी गंजलेली, हाताला लाल रंग लागतो,
आणि जे कुणाचंच उरलं नाही
ते धरमतरची खाडी घेऊन जाते. न मोजता.

रात्री मोरसाची भाजी, सुकट घालून.
चव न बघताच मी मिठाच्या बरणीकडे हात नेला.
आत्यानं बरणी
नुसती पलीकडे सरकवली.