रुमालाखालचा भाव

उदगीरच्या अलीकडे, माळावर
चाळीस पांढऱ्या पेट्या उभ्या आहेत.
धूर नाही, चाक नाही, खिडकी नाही.
एसटी हळू होते, कुणीतरी विचारतं,
कोल्ड स्टोरेज आहे का?

मी आत बसते.
समोर उद्याच्या दिवसाचे शहाण्णव तुकडे,
पंधरा-पंधरा मिनिटांचे,
अडकित्त्यानं कातरल्यासारखे.
प्रत्येकावर लिहायचं,
इतक्याला घेईन, इतक्याला देईन.
बोली गेली की तोंड बंद.
दुसऱ्याचा भाव मला दिसत नाही, माझा त्याला.

हे शिकवायला पुण्याहून माणूस आला होता.
तीन दिवस आलेख.
मी मान हलवत राहिले.
त्याला काय सांगू,
माझा बाप इरप्पा हाळीच्या बाजारातला हेड्या,
रुमालाखाली बोटं दाबून
देवणी खोंडांचे सौदे करायचा,
आणि तोंडानं बोलायचा पावसापाण्याचं.

दुपारी बाराला ऊन मातीमोल.
युनिटला दीड रुपया. पेट्या पितात.
शंभर पाजावं तर पंच्याऐंशी परत येतं.
बाकीचं कुठं गेलं
ते पेटीच्या पाठीवर हात ठेवला की कळतं.
संध्याकाळी सातला घराघरात बटणं पडतात,
भाव दहाला टेकतो, त्याच्यावर जायची परवानगी नाही.
तेव्हा सोडायचं.
एवढंच.
एवढंच असतं तर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
सॉफ्टवेअर म्हणालं, साडेसहाला विक, साडेपाच मिळतील.
मी म्हटलं, थांब, चढेल.
आणि पाटोद्याकडच्या डोंगरावर वारं सुटलं,
सगळ्या पवनचक्क्या एकदम जाग्या झाल्या.
तीन रुपये.
मग दोन सव्वीस.
सकाळी पुन्हा ते मातीमोल ऊन आलं
आणि ओतून घ्यायला भांडं रिकामं नव्हतं.
पेट्या थंड ठेवणारे पंखे
रात्रभर आमचीच वीज खात होते.
आप्पा म्हणायचा,
न विकलेलं जनावर रात्री जास्त खातं.
फोनवर मी आकडा सांगितला, साडेतीन लाख.
पलीकडं कुणीतरी चहा ढवळत होतं, ते थांबलं.

दिवाळी झाल्यावर त्याला स्कूटीवर मागं बसवून आणलं.
पटक्यावर हेल्मेट बसेना,
मग ते मांडीवर घेऊन आला, टरबूज धरावं तसं.
सतरा नंबरच्या पेटीला हात लावून उभा राहिला.
"धाप लागलीय याला."
मी म्हटलं, भरतंय.
"दात किती?"
आठशे फेरे झालेत, आप्पा.
सहा हजार झाले की म्हातारं.
"मग दिवसातून दोनदा कशाला जुंपतीस?"

हीच गोष्ट पुण्याच्या माणसानं
शेवटच्या पानाच्या तळाशी ठेवली होती,
बारीक अक्षरात.

सकाळचा भाव चांगला येतो, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
खांद्यावरचा रुमाल काढला,
माझ्या हातावर टाकला
आणि खाली बोटं धरली.
त्याची बोटं आता थरथरतात,
कुठलं दाबलं, कुठलं नुसतं हललं,
दोनदा विचारावं लागलं,
म्हणजे मी पुन्हा दाबून.
वर आम्ही तुरीच्या फुलोऱ्याबद्दल बोलत होतो.
वॉचमन बघत होता.

दुसऱ्या दिवशीची बोली मी तशी लावली.
वरून विचारणा झाली,
हा भाव कशाच्या आधारावर?
मी लिहिलं, अनुभव.
आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही.