दोन युरो दहा सेंट

तालिवाल्दिसच्या धुराडेसफाईची जाहिरात
मी चालवते, लिएपायातल्या माझ्या स्वयंपाकघरातून,
एका हाताने बीटचं सूप ढवळत.
रोजचं बजेट पंधरा युरो.
एका क्लिकला थंडीत दोन युरो दहा सेंट,
उन्हाळ्यात सत्तर सेंट.
धुराड्याची आठवण लोकांना ऑक्टोबरात येते,
आणि भावही तेव्हाच चढतो.

शब्द विकत घेते मी. म्हणजे भाड्यानेच.
"धुराडं साफ करणारा" आपल्याला परवडत नाही,
रीगाची एक कंपनी त्याच्यावर अंडी उबवत बसलीय.
मी घेते ते शब्द, जे माणूस घाईत,
ऱ्हस्वदीर्घाची वाट लावत,
दुसऱ्या हाताने खिडकी उघडताना टाइप करतो:
"धुर घरात येतोय काय करू"
"शेगडी पेटत नाही आई एकटी आहे".
हे स्वस्त पडतात. कुणाला सुचतच नाहीत,
आणि त्यांच्यामागून फोन हमखास येतो.

मग नको असलेल्या शब्दांची यादी:
पोशाख. खेळणं. फुकट. पगार किती.
लग्नाला भाड्याने.
इथे धुराडेवाल्याचं बटण चोळलं की नशीब उघडतं,
म्हणून नवऱ्या मुलीला तो हवा असतो, काजळीसकट.
"लग्न राहू दे," तालिवाल्दिस म्हणाला.
लग्नात क्लिक फार, कमाई नाही, मी म्हटलं.
टोपी काढून तो तिच्या आत बघत राहिला.

त्याची पुतणी सांडा म्हणाली, आता सगळं उभ्या व्हिडिओवर,
आणि पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलंच पाहिजे.
घडलं. छपरावर तो ब्रश उचलणार
एवढ्यात सीगलने टोपी पळवली.
ज्यांच्या घरात धुराडंच नाही
अशा अकरा हजार लोकांनी बदाम दिले.
फोन आला एक.
टोपी कुठे मिळते, विचारायला.

नोव्हेंबरात नोंदी चाळताना दिसलं,
रोज रात्री सव्वादहाला एक क्लिक.
फोन नाही, फॉर्म नाही,
पानावर चार मिनिटं, मग बंद.
मला वाटलं, रीगावाले.
दुसऱ्याचं बजेट कुरतडायची खोड या धंद्यात जुनी आहे.
पण पत्ता ओळखीचा निघाला.
त्याच पत्त्यावरून तो मला
पावत्यांचे वाकडे फोटो पाठवतो.

आपल्याच दाराची कडी आपणच वाजवायची
आणि दर खेपेला दोन युरो दहा सेंट मोजायचे.
पदरमोड म्हणतात ती याहून काय वेगळी?
मी बोलले नाही. पत्ता वगळला.
अर्ध्या मिनिटाचं काम,
वर शहाणपणा केल्याचं समाधान.

तिसऱ्या रात्री फोन वाजला.
"दाइगा, मी शोधलं. मी नाहीये.
खालीखाली गेलो, दुसऱ्या पानावरही गेलो.
रीगावाले आहेत. टोप्या विकणारे आहेत.
मी नाही."
मागे कुठेतरी नळ गळत होता.
"मला काही झालंय का?"

मी त्याला समजावणार होते
की जाहिरात नुसती बघितली तर पैसे पडत नाहीत,
बोट लावलं की पडतात,
की जगाला तू दिसतोस, फक्त तुलाच
"हो," मी म्हटलं, "काहीतरी बिघाड होता.
उद्या बघ."

सूप लागलं होतं तळाला.
गॅस बंद केला, पत्ता परत आत घेतला,
आणि रात्री दहा ते साडेदहा,
जेव्हा लिएपायात कुणीच धुराडं शोधत नाही,
तेव्हाची बोली थोडी वाढवून ठेवली,
तो सगळ्यांच्या वर दिसावा म्हणून.

आता दोन चाळीस पडतात.