हिमनग, आत पीयूष

स्विंडनच्या चर्च हॉलमध्ये यंदा
एका नाटकात सिनेमे सहा,
कारण कमिटीत डोकी सहा.
डॉक्टर उकिडवे झाले रक्तपिपासू उमराव;
डेंटिस्ट आहेत, म्हणजे
निम्मी तालीम आधीच झालेली.

मध्यंतराआधी जहाज बुडायचं होतं.
हिमनग म्हणजे मेधा टिळेकरांचा जुना फ्रिज,
वर पांढरी चादर, आत प्रेक्षकांसाठी पीयूष.
तो ढकलत आणला अंतराळवीर शार्दूलनं,
डोक्यावर साबुदाणा भिजवायचं पातेलं.

काउबॉय वाघोलीकर खराट्यावर दौडत आले,
पिस्तूल रोखून म्हणाले, "पार्किंग कुठंय?"
उमराव नायिकेच्या मानेशी वाकले
आणि सवयीनं बोलून गेले,
"आ करा. फ्लॉस करता का रोज?"

जहाज धडकलं. फ्रिजचं दार उघडलं.
पीयूषवरून काउबॉय घसरला,
त्याच्यावर अंतराळवीर, दोघांवर उमराव,
पातेलं घरंगळत थेट पहिल्या रांगेत.

तेवढ्यात विंगेतून आल्या हॉलच्या मिसेस प्रिचर्ड,
हातात मॉप, कमरेला चाव्यांचा जुडगा,
आणि अगदी शांतपणे म्हणाल्या,
"नऊ वाजले. सगळ्यांनी घरी जा."

काय टाळ्या पडल्या!
जगाचा असा अंत कुणी लिहिलाच नव्हता.
पानवलकर काका उभं राहून ओरडले,
"ही बाई कुठून आणली रे? काय टायमिंग!"
बाईंना काही कळेना.
तरी मॉप तलवारीसारखा वर गेला,
जरासाच.

परवा पुढच्या वर्षाचं बुकिंग करायला गेलो.
फॉर्मवर शिक्का मारता मारता म्हणाल्या,
"भाडं तेच.
पण या वेळी मला
दोन वाक्यं जास्त."