भाकऱ्या

ओहोटी लागली की आंजर्ल्याच्या खाडीत
पावशांची रेवा भाकऱ्या काढते.
चपटी खापरी, मनगटाचा झटका,
तीन, चार, सहा.
सातवी दिसत नाही, नुसती ऐकू येते.

मी हवाई दलात बावीस वर्षं बॉम्ब चढवले,
पिना मोजल्या, सह्या केल्या.
म्हणून सांगायला बसलो:
मागच्या महायुद्धात अशीच एक भाकरी काढली होती,
चार टनांची.

धरणापुढे पाण्यात जाळ्या होत्या.
त्यांच्यावरून उड्या मारत जाईल असं काहीतरी हवं होतं.
इंजिनिअरने आधी घरच्या अंगणात
टबातल्या पाण्यावर गोट्या उडवून पाहिल्या.
मग पिंप केलं, आणि त्याला उलटं फिरवलं,
मिनिटाला पाचशे फेरे,
म्हणजे भिंतीवर आपटून ते मागे पळणार नाही,
तिला चिकटून खाली उतरेल
आणि तीस फुटांवर फुटेल.

सुरुवातीला त्याला लाकडी फळ्यांचं गोल अंग होतं.
पाण्याला लागताच फळ्यांच्या ढलप्या.
लतिफ सारंग होडीच्या फटीत कापूस ठोकत होता.
मान वर न करता म्हणाला,
"फुटनारच. जोरान आपटलास तर पानी फत्तर."

मग फळ्या काढल्या, विमान खाली आणलं.
साठ फूट. पण काळोखात साठ फूट मोजायचे कसे?
विमानाच्या पोटाला दोन तिरके दिवे;
पाण्यावर दोन्ही उजेड एकमेकांना टेकले
की तीच उंची.
"आई नि मावशी कुर्ल्या धरायला
बत्त्या घेऊन येतात, तसे?"
हो. तसेच.

तिने पुढची खापरी उचलली. फेकली नाही.
"धरणाच्या खाली कोण राहायचं?"

आमच्या वर्गात हे फळ्यावर नव्हतं.
भिंतीची जाडी होती, पाण्याची पातळी,
कुठे किती दाब.
खालची दरी डस्टरने अर्धी पुसलेली.
फार उशिरा, निवृत्त झाल्यावर, वाचलं मी:
कुंपणात कोंडलेल्या मजूर बाया,
परमुलखातून धरून आणलेल्या.
त्यांना कुणी शत्रूसुद्धा म्हटलं नव्हतं.

"माणसं," म्हणालो.
"झोपलेली?"
"रात्र होती."

लतिफची हातोडी कधी थांबली, कळलं नाही.
रेवाने खापरी फ्रॉकच्या खिशात टाकली.
पाणी वळलं होतं.
भरती चिखलातल्या कुर्ल्यांच्या बिळांत शिरत होती,
एकेका बिळात,
आवाज न करता.