पान दोनशे अकरा

कोर्टाच्या भिंतीला लागून, लिंबाखाली माझं टेबल.
रेमिंग्टनचा ‘ळ’ अडकतो, उन्हाळ्यात जास्तच.
पक्षकार नसला की ड्रॉवरमधून काढतो
मंगळवार पेठेत रद्दीच्या तराजूवर
अर्ध्या किलोत आलेला एक माणूस:
जोसाया पेल्टन, वकील, ओहायो.
पुठ्ठा नाही. वाळवीनं शेवटाकडून खाल्लेला.

बाप कातडी कमवायचा. पोराच्या अंगाचा वास
शाळेत शेजारी कुणाला बसू देत नसे.
मग एका वकिलाकडं दस्तांच्या नकला, सात वर्षं.
नकला करता करता कायदा बोटांतून वर चढला, असं लिहिलंय.
(माझ्या बोटांत बावीस वर्षं आहे,
कोपराच्या वर आलेला नाही.)

एकदा निवडून आला. चारदा पडला.
आला तेव्हा एकच बिल मांडलं:
जप्तीत बाईचा चरखा उचलू नये,
चूल उचलू नये, एक गाय राहू द्यावी.
दोन मतांनी गेलं.
ते दोघे त्या दिवशी
नदीवर बोटींची शर्यत बघायला गेले होते.

हे अम्माला वाचून दाखवलं, तेलुगूत करून.
सूप मांडीवर, हजाराला साठेक विड्या कमी.
“चरखा,” म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

साखर पेठेतल्या खोलीत बेलीफ आला तेव्हा मी नववीत.
नाना म्हणाले, साहेब, कारागिराची हत्यारं सुटतात की,
कायदा आहे.
बेलीफ वाईट नव्हता. चहा प्याला.
हत्यार हातानं चालतं, म्हणाला,
हा विजेवर चालतो. हे यंत्र.
मागावर अर्धी चादर होती,
मोराचे पाय झालेले, पिसारा यायचा होता.
तेवढी कापून दिली त्यानं.
अजून पांघरतो.

दोनशे अकराव्या पानावर पेल्टन
सहाव्यांदा उभा राहायला निघतो.
बर्फ. घोडा लंगडतोय. बायको दारात कंदील धरून.
पुढं वाळवी.

“अंतेना?” अम्मा विचारते. एवढंच?
निवडून आला म्हणावं, तर
कारखान्यात विड्या बाद करणाऱ्या मुनिमापुढं
चाळीस वर्षं उभी राहिलेली ती, खोटं लगेच कळतं.
मेला म्हणावं, तर हातातली विडी सुटेल.

आज एप्रिलअखेर, त्रेचाळीस डिग्री,
वकील सगळे बाररूमच्या पंख्याखाली.
एक स्टॅम्पपेपर खराब झाला होता, तो चढवला:

मी, खाली सही करणार, जोसाया पेल्टन,
वय अंदाजे साठ, धंदा वकिली, राहणार नदीकाठ,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
घोडा वाटेत बरा झाला.
मतमोजणी अजून चालू आहे.
चरखा बाईकडंच आहे.

सहीची जागा कोरी ठेवली.
खाली टाइप केलं:
मी यांना ओळखतो. राजेशम येमूल, टंकलेखक.
‘ळ’ उमटला नाही.
पेननं भरला.