पांढरी पाच, जराशी चढी

एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
अठरा हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला.
आईला मी चाळीस सांगितले,
तर ती म्हणाली, चाळीस हजारात
चारच तारा?

मे महिन्याची दुपार. डोक्याला दुपट्टा गुंडाळून
नवं बेस पाठीवर मारून
कमाल चौकाच्या आत, रामटेके काकाजींच्या दुकानात गेलो.
काकाजी कूलरच्या मोटारी भरून देतात.
तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास,
आणि मागच्या भिंतीवर खिळ्याला त्यांचं बेस,
चौदा एप्रिलच्या पंचवीस रात्री जागलेलं.
त्याचा पिकअप त्यांनी स्वतः भरलाय,
जुन्या रिलेतून सोडवलेल्या केसाएवढ्या तारेनं,
वेढे मोजत मोजत.
"सात हजारावर पाहुणे आले नं.
मंग अंदाजानं."

हात पुसून त्यांनी माझं बेस मांडीवर घेतलं.
मी ट्यूनर पुढे केला. त्यांनी पाहिलाच नाही.
चालू कूलरकडे कान केला,
जाड तार तिसऱ्या फ्रेटवर धरली, खुंटी पिळली.
"हा पांढरी पाचमधी गाते. जरासा चढा.
लाइनच तशी येते. तेवढं उतरवून घ्याचं."

मग एकच सूर, कितीतरी वेळ.
तर्जनी, मधलं बोट, तर्जनी.
मान संपते तिथे भिजल्या मातीसारखा,
घोडीकडे सरकले की
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
डावा हात दाबायचा कमी,
थांबवायचा जास्त.

मला राग आला.
एक लाख चौऱ्याऐंशी हजारांतून
हुबेहूब रामटेके काकाजी वाजत होते.

खिळ्यावरचं काढून मी वाजवलं.
त्याच्या तारा ते दर दिवाळीला
गंजात उकळून पुन्हा चढवतात.
त्यातून मीच आलो.
घाईतला. दुसरं बोट पहिल्यापेक्षा लेचंपेचं.
सूर संपला तरी उरलेल्या तारा गुणगुणतायत
आणि मला पत्ता नाही.

आता ते म्हणतील, सगळं बोटातच असते बावा.
सगळेच म्हणतात. मी तयारीत होतो,
चेहराही तसा करून ठेवला होता.
ते म्हणाले, "मस्त आहे बे हे.
माह्याची मान उन्हाळ्यात वाकते,
बाराव्याच्या वर सूर लागतच नाही.
याची हालली नाही पाय.
त्यानं पैसे घेतले, पण काम केलं."
मग थोडं थांबून,
"अन् हा पट्टा!
खांद्याले कळतबी नाही."

त्यांचा डावा खांदा
उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.
आठ वर्षं मी त्यांच्याकडे येतोय
आणि आठ वर्षं नुसती बोटं पाहिली.

पट्टा सोडवून त्यांच्या रिळांवर ठेवला.
नाही म्हणाले. परत नाही म्हणाले.
तिसऱ्यांदा म्हणायच्या आत
लाइट गेली.

कूलर गडगडत थांबला. पाणी दोनदा ठिबकलं.
इतका वेळ आपण कशावर तरी उभे होतो
हे पाय निसटल्यावर कळावं, तसं झालं.
अंधारात गरम हवा आत येऊन बसली.
डबा बंद, वायर मेलेली,
आणि मांडीवरच्या लाकडातून, अगदी बारीक,
काकाजी तोच सूर वाजवत राहिले,
कूलर जिथे सोडून गेला होता तिथून.
तेवढाच चढा.
कधी चढवला मला दिसलं नाही.

दारात एक बाई येऊन उभी राहिली.
"भाऊ, माही मोटर झाली काय?"

"होते," काकाजी म्हणाले.
हात उचलला नाही.